मागच्या आंगणातला चेंपेडाक

प्रताप नगर, नागपूर
शनिवार, १० मे २०२५

तीर्थरूप बाबांना अश्विनचा वाकून नमस्कार.

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे, तुम्हाला एका डोळ्याने वाचायला त्रास नको म्हणून. ओळी वर चढत जातील, तेवढं सांभाळून घ्या. आयटीआय अर्धवट सोडल्यापासून पेन हातात धरला तो फक्त रोपांच्या पिशव्यांवर नावं लिहायला. फोनवर माझं नाव दिसलं की तुम्ही कापता, म्हणून हा कागद. आई उद्या सकाळच्या बसने काटोलला बगीच्यात येऊन राहिली, तिच्या पिशवीत डब्याच्या खाली ठेवून देतो.

इकडे सगळे मजेत. तुमची नात, दामिनीची पोरगी, पालथी पडायला लागली, अमरावतीहून रोज व्हिडिओ येतो आणि आई तो गल्लीभर दाखवत फिरते. उन्हाचं तुम्हाला काय सांगायचं, काटोलला काही वेगळं नसेल. परवा सीताबर्डीला कूलरचा पंप आणायला गेलो होतो. गेलो पंपासाठी आणि दोन तास एका चष्मेवाल्याच्या गाडीपाशी उभा राहिलो. तो माणूस पूर्वी अंदमानला बोटीवर कामाला होता म्हणे. तिथल्या खेकड्यांच्या गोष्टी सांगत होता, झाडावर चढणारे खेकडे! घरी आलो तेव्हा आई म्हणाली, पंप कुठं हाय? पुन्हा जावं लागलं.

पंप कशासाठी, तर झाडासाठी. मुख्य बातमी तीच आहे आणि मी खेकड्यांत शिरलो. बाबा, चेंपेडाकला फळ धरलं आहे. तीन होती, दोन गळली. एक राहिलं आहे, बुंध्यालाच चिकटून, वीतभर लांब.

तुम्ही त्याला 'तुहा तो फणस' म्हणता. फणस नाही हो, फणसाचा चुलतभाऊ. घराण्यात एखादा वाया गेलेला असतो तसा. अंगाने लहान, पण पिकला की वास चार घरं ओलांडून जातो. केरळात रोपवाटिकेत आठ महिने राबलो, तिथल्या म्हाताऱ्या मालकाने निघताना हे कलम हातात दिलं. म्हणाला, तुझ्या गावच्या उन्हात हे जगायचं नाही, पण तू तरी कुठं एका जागी जगतोस, घेऊन जा. चार वर्षं झाली. हिरवी जाळी बांधली, पालापाचोळा घातला, आणि या उन्हाळ्यात दामिनीच्या खोलीतला जुना कूलर मागच्या आंगणात नेऊन झाडासमोर लावला. शेजारचे मधुसूदन काका कुंपणावरून पाहत होते. म्हणाले, "अश्विन, आम्ही माणसं इकडे घामाने भिजून राहिलो आणि तू झाडाला कूलर लावून राहिला? पुढच्या जन्मी मला तुझ्या आंगणातच लाव बाबा."

आता दुसरी गोष्ट. डॉक्टरांकडे गेलो होतो. तुम्ही नव्हता, तरी गेलो. ते म्हणाले, डिसेंबरात केलेला उजवा डोळा छान झाला आहे, आता डाव्याचं ऑपरेशन लांबवू नका, मोतिबिंदू जास्त कडक झाला की काम अवघड होतं. मी १ जुलै, मंगळवार, ही तारीख घेऊन आलो आहे. फळही त्याच सुमारास पिकेल. तुम्ही आधीच्या आठवड्यात या. दोन्ही कामं एका खेपेत होतील.

जानेवारीत झालं ते झालं. मी महाराष्ट्राबाहेरून दमून आलो, समोरच्या खोलीत हळदीकुंकवाच्या बायका, आणि मागे पाहतो तर झाडाखाली पानांचा सडा. आळं उकरलेलं, मुळ्या उघड्या. संत्र्याला महिनाभर पाणी बंद करून ताण द्यायचा, पानं मलूल होऊ द्यायची, मग खत-पाणी देऊन तो ताण तोडला की झाड अंगभर फुलतं, हे तुमचं जन्माचं काम आहे, मान्य. पण हे संत्र्याचं झाड नव्हतं. तुम्ही म्हणालात, "ताण देला हाय गा त्याले, उद्या तोडतोच." माझा आवाज चढला. माणूस आहे, चढतो. जाताना मी फ्रीजवर लावलेल्या, रोज दोन बादल्या पाणी घाला असं लिहिलेल्या चिठ्ठीचं म्हणाल, तर तो विषय मी केव्हाच सोडून दिला आहे. तुम्हीही सोडा. नजरचूक कोणाचीही होते.

येताना डोक्याला दुपट्टा बांधून या.

तुमचा, आणि आश्चर्य म्हणजे अजून नागपुरातच असलेला,
अश्विन


प्रताप नगर
शनिवार, ७ जून

बाबा, पायावर डोकं ठेवतो.

पोतं पोचलं. पत्राचं उत्तर येईल असं वाटलं नव्हतं, आणि पोतं येईल असं तर मुळीच नाही. आईने तुमचा निरोप तुमच्याच आवाजात सांगितला, भुवया वर करून: "त्याले सांगजो, फळाले पोतं बांध म्हणा, खालून तोंड उघडं ठेवजो, नाही तं माशी डंख मारते. अन् डोळ्याचं नाव काढू नोको म्हणा."

पहिल्या अर्ध्या निरोपाप्रमाणे पोतं बांधलं. दुसऱ्या अर्ध्याचं मी ऐकत नाही.

फळ आता दुधी भोपळ्याएवढं झालं आहे. आईचा जीव त्याच्यावर वेगळ्याच कारणाने आहे. रोज सकाळी पोत्यात हात घालून दाबून पाहते आणि म्हणते, "कच्चंच काप ना बे, मसाला वाटतो, झणझणीत कटहलाची भाजी होईन." मी म्हटलं, आई, चार वर्षं याच्या वासासाठी थांबलो. ती म्हणते, "वासासाठी थांबणारा पहिलाच पाह्यला. लोक वास आला की उठून जातात."

संघपाल आला होता, तोच, मोटरसायकलवाला. मागची पेटी बांधूनच आला. "चाल बे, ओडिशात जाऊ, समुद्रापर्यंत." मी म्हटलं, फळ आहे. तो पोत्याकडे पाहत राहिला. "कोण्या पोरीनं बांधलं असतं तं समजलो असतो. तुले फळानं बांधलं?" चहा पिऊन एकटाच गेला. खरं सांगू का, तो कोपऱ्यावर वळेपर्यंत माझे पाय शिवशिवत होते. मग आंगणात जाऊन कूलरमध्ये पाणी भरलं.

एक सांगायचं राहिलं आहे. फेब्रुवारीच्या शेवटी झाडाला कळ्या आल्या तेव्हा मी केरळच्या म्हाताऱ्याला फोन केला. आनंदाने केला. सगळं सांगितलं, की माझ्या वडिलांनी पाणी बंद करून झाड जवळजवळ मारलं होतं, तरी फुललं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, अरे, या जातीला कोरड पडल्याशिवाय कळीच धरत नाही. आमच्याकडे जानेवारीत आपोआप पडते. मग म्हणाला, तुझ्याकडे चार वर्षं याला रोज पाणी घालणारा शहाणा कोण होता?

तो शहाणा मी. म्हणजे फळ तुमच्या ताणाचं आहे. मी तर तुमच्या देखत रागाने आठ बादल्या ओतल्या होत्या, ते तरी नशीब की तुम्ही दुसऱ्या दिवशी ताण तोडणारच होता. तुम्ही या जातीचं दुसरं झाड आयुष्यात पाहिलं नव्हतं. एका डोळ्यावर पट्टी असताना पानांवरून हात फिरवून ओळखलं की हे नुसतं पाल्यावर माजलं आहे. मला हे फेब्रुवारीपासून माहीत आहे. आज जूनची सात तारीख आहे. उशीर झाला. मागच्या पत्रातही लिहिलं नाही, खेकडे मात्र लिहिले.

आईने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तुमचा बांधावरून पाय गेला. डाव्या अंगाचा दगड दिसला नाही. गुडघा सोलला आणि तुम्ही हळद लावून कोणाला सांगितलं नाही, गोविंदाने पाहिलं म्हणून आईला कळलं. बाबा, तुम्ही तिथे एकटे राहता. गोविंदा दिवसभर बगीच्यात असतो, पण संध्याकाळी तो त्याच्या घरी जातो.

दुसरी गोष्ट अशी, की तुम्ही रोज सकाळी डावा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरचं बारीक अक्षर वाचून पाहता. सगळं वाचता येतं. आणि मग आईला म्हणता, "हे तं दिसते. मंग फ्रीजवरची चिठ्ठी काहून नाही दिसली, गोपिका? हा डोळा करून काय भेटलं? दुसरा करून काय भेटंन?"

यावर मी लिहिणार होतो. तेवढ्यात वाटलं की पोत्यावर मुंगळे चढून राहिले, म्हणून पाहून येतो.

पाहून आलो. मुंगळे नव्हते.

असं आहे बाबा, डॉक्टर डोळा चांगला म्हणाले म्हणजे चांगलाच आहे. चिठ्ठीचा कागद लहान होता. पंखा चालू असतो, उडूनही गेली असेल. लोहचुंबक सैल होतं फ्रीजवरचं. तुम्ही त्याच्यावर डोकं शिणवू नका आणि १ तारखेचं नक्की करा.

आईने आमरस केला होता, तुमच्यासाठी बरणीत दिला आहे, पोचेपर्यंत आंबला तर तिला सांगू नका.

तुमचा
अश्विन


प्रताप नगर
रविवार, २९ जून, सकाळचे सात

बाबा,

नमस्कार लिहायला हात धजत नाही, म्हणून सरळ सुरू करतो.

तुम्ही आला नाहीत. आई मागच्या रविवारी विचारून आली, तुम्ही मान हलवली आणि खुरपं उचललं, एवढंच तिने सांगितलं. फळ मात्र तुमच्यासाठी थांबलं नाही. गुरुवारी संध्याकाळी वास सुटला. पहिल्यांदा शेजारच्या नीला काकूंना वाटलं त्यांच्या माळ्यावर घूस मेली. मधुसूदन काकांनी शुक्रवारी अख्खा कूलर उलटा केला, वाळ्याच्या ताट्या धुतल्या, टाकी घासली. आणि सगळं करून दमून बसले तरी वास तिथेच. मग कुंपणाशी येऊन नाक उडवत म्हणाले, "अश्विन, खरं सांग, तुझ्या त्या लाडक्याला काही झालं का?" मी पोतं सोडून दाखवलं. ते दोन पावलं मागे गेले.

वास कसा सांगू? पिकलेल्या फणसाला कोणी लसणाची फोडणी दिली आणि मग त्याच्याजवळ पेट्रोलची बाटली उघडी ठेवली, असा. पहिल्यांदा नाक नको म्हणतं. दहा मिनिटांनी आपणच पुन्हा त्याच्याजवळ जातो.

काल दुपारी फळ कापलं. रोपवाटिकेत शिकलो होतो तसं, हाताला आणि सुरीला तेल लावून, वर्तमानपत्र पसरून. फणसासारखी झटापट नाही यात. उभी चीर दिली आणि दोन्ही हातांनी साल दाबून उघडली की मधला दांडा अख्खा बाहेर येतो, आणि त्याला गरे लटकलेले, केळीच्या घडासारखे. रंग तुमच्या मृग बहाराच्या संत्र्याचा. आई पदर नाकाला लावून बसली होती, मी गरा पुढे केला तर म्हणाली, "आधी तू खाय, मले दोन लेकरं हायेत." मी खाल्ला. मऊ, जिभेवर दाबला की खिरीसारखा पसरणारा. आधी मध, मग उकडलेल्या रताळ्याचा गोडवा, आणि सगळं गिळल्यावर मागून थोडं कडवट. मग आईने खाल्ला. बराच वेळ चावत राहिली. म्हणाली, "वास सासरचा हाय, चव माहेरची हाय." काका-काकूही आले होते. काकांनी नाक चिमटीत धरून पाच गरे खाल्ले, प्रत्येक वेळी 'हा शेवटचा' म्हणत.

मी हे लांबवून राहिलो, तुमच्या लक्षात आलंच असेल. आता लिहितो.

नीला काकू म्हणाल्या, "मनोहररावांना ठेवा हं चार गरे. त्यांच्यासारखा माणूस नाही. महिनाभर दिवसातून चारदा थेंब घातले मी त्यांच्या डोळ्यात, एकदा हूं नाही की चूं नाही."

आई म्हणाली, "तुम्ही काहून घातले? अश्विन होता ना घरी."

काकूंच्या हातातला गरा तसाच राहिला. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकांनी वर्तमानपत्राकडे. मग काकू हळूच म्हणाल्या, "गोपिकाताई, त्यांनी मला शपथ घातली होती. तिकडे दामिनीचं बाळंतपण आहे, गोपिकाला कळलं तर ती पोरीला सोडून पळत येईल, आणि पोराला रागावेल. म्हणून नका सांगू म्हणाले."

आई माझ्याकडे वळली. "तू कवा गेलता?"

"सव्वीस डिसेंबरले."

"मी अमरावतीहून दोन रोजाआड फोन करत होती. तुहे बाबा म्हणत, हाय ना घरीच. आंघोळ करून राहिला. दुकानात गेला. झोपला हाय. मी आली तवा म्हणाले, कालच कामाले गेला." मग म्हणाली, "महिनाभर आंघोळच करत होता तू?"

तिने सुरी पुसून बाजूला ठेवली.

मग काकूंनी उरलेलं सांगितलं. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी मी बाहेर गेलो होतो आणि आई देवळात. काकूंना काहीतरी ओढल्याचा आवाज आला, म्हणून त्या पाहायला आल्या. तुम्ही फ्रीज सरकवत होता. फ्रीजच्या मागे हात घालून, मग गादी उलटून, कॅलेंडरची पानं सुटी करून, डब्यांच्या झाकणांखाली. काकूंनी विचारलं तर म्हणालात, "पोरानं चिठ्ठी ठेवली होती. माह्याच डोळ्यातून सुटली. सापडली पाह्यजे इथंच कुठंतरी." त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन बगीच्यात गेलात.

बाबा, चिठ्ठी नव्हती.

लहान नव्हती, उडाली नव्हती, लोहचुंबक सैल नव्हतं. मी लिहिलीच नव्हती. संघपालने बाहेर हॉर्न वाजवला. बस्तरला जाऊ म्हणाला. तुम्ही आतल्या खोलीत झोपला होता, डोळ्यावर पट्टी. पाच दिवसांत येतो असं मनात म्हटलं, बॅग उचलली आणि आवाज होऊ नये म्हणून दार हळू ओढून घेतलं. संध्याकाळी फोन करून सांगितलं की कामाला निघालो आहे. तुम्ही म्हणालात, "जाय, सांभाळून जाय." पाचाचे तेहतीस दिवस झाले. झाडाची आठवण मला पाचव्या दिवशी आली. तुमच्या थेंबांची त्याच्याही नंतर.

आलो तेव्हा झाड वाळलेलं दिसलं आणि पहिल्यांदा मला माझीच भीती वाटली. की आता सगळे विचारतील, तू कुठं होतास? त्याच्या आत मी तुमच्यावर ओरडलो. चिठ्ठी तोंडातून अशी सहज निघाली की मलाच खरी वाटली. आणि आठ बायकांसमोर म्हणालो, "आंधळ्याच्या भरोशावर झाड ठेवलं, माझीच चूक." तुम्ही म्हणालात, "दिसली नसंन गा." माझ्याबद्दल तुम्ही महिनाभर खोटं बोलत होता, मला वाचवायला. मी तुमच्याबद्दल एका मिनिटात बोललो. आणि नंतर दोन पत्रांत तेच पुन्हा, मोठ्या अक्षरात.

तुम्हाला जे दिसलं नाही ते तिथे नव्हतंच. डोळा झाकून कॅलेंडर वाचून पाहण्याची गरज नाही. तुमचा उजवा डोळा पट्टी काढली त्या दिवसापासून चांगला आहे. आणि झाडाचं मर्म तर तुमच्या हातांनी पट्टी असतानाच ओळखलं, जे मला चार वर्षं दिसलं नाही.

आईला, काका-काकूंना मी काल तिथेच सांगितलं. मग त्या दिवशी आलेल्या बायकांपैकी गल्लीतल्या चार घरी वाटीत गरे घेऊन गेलो आणि त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं. सरिता मावशी ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "हे गरे घेऊन जाय, घरात पाव्हणे येऊन राहिले. बाकी सांगितलं ते बरं केलं. तुह्या बापाले सांगितलं का?"

म्हणून हे पत्र. मी लिहून आईकडे दिलं तर तिने हात मागे घेतला. "हे मी नेत नाही. आपल्या पायानं जाय." कालपासून ती माझ्याशी तेवढंच बोलली. डबा मात्र तिने भरला. अर्धा दांडा गऱ्यांसकट ओल्या फडक्यात गुंडाळला आहे. हा वास घेऊन बसमध्ये कोणी बसू देणार नाही, म्हणून मधुसूदन काकांची स्कूटर मागितली आहे. काका म्हणाले, "सीटला वास लागला तर लागला. मागे बसवून आण त्यांना."

उद्या सोमवारी तपासणी आहे, परवा सकाळी आठला ऑपरेशनचं नाव लागलं आहे. थेंब महिनाभर लागतील. ते मी घालीन असं इथे लिहिणार होतो, पण माझ्या लिहिण्यावर तुम्ही काहून भरोसा ठेवावा? ते तिथे पाहाल.

हे वाचत असाल तेव्हा मी विहिरीपाशी उभा असेन, तुमच्याकडे पाठ करून, म्हणजे वाचताना तुम्हाला माझं तोंड पाहायला नको. घाई करू नका. गरा खाऊन पाहा, किंवा वासाने फेकून द्या, फळ तुमचंच आहे. वाचून झालं की हाक मारा.

आणि नाही मारावीशी वाटली, तर मारू नका. मी जात नाही.

अश्विन